अर्थशास्त्र की व्यवसाय अभ्यास? शाळेत दोन्ही एकत्र शिकण्याबद्दल

फळाखडू

माध्यमिक शाळेत मी हे दोन्ही विषय शिकवते. विषय निवडायची वेळ आली की मुलं आणि पालक ठरलेला प्रश्न घेऊन येतात: "दोन्हींत तेच तर आहे, मग एकच घेतला तर चालेल ना?" वेळापत्रकात जागा नसेल तर चालेल. पण दोन्हींत तेच आहे हे मला अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

व्यवसाय अभ्यासात विद्यार्थी एका कंपनीच्या आत उभा असतो. विक्री घटली आहे, खर्च कुठे कमी करू? नवी शाखा काढू की आहे ती सुधारू? कर्ज घेऊ की भागीदार? अर्थशास्त्रात तो बाहेर, थोडा उंचावर उभा असतो आणि विचारतो की सगळ्यांनीच असं केलं तर काय होईल.

मंदीचं उदाहरण घ्या. एका कंपनीने पगार कापले तर तिचा खर्च वाचतो आणि ती कदाचित तग धरते. व्यवसायाच्या पेपरात हे उत्तर नीट मांडलं तर गुण मिळतात. पण सगळ्याच कंपन्यांनी पगार कापले तर? एकाचा पगार हाच दुसऱ्याचा गिऱ्हाईक. लोकांच्या हातातला पैसा आटतो, विक्री आणखी घसरते, आणि ज्यासाठी कपात केली तेच साधत नाही. अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ मध्ये मजुरीकपातीच्या उपायावर घेतलेला मुख्य आक्षेप हाच होता.

एकाच आठवड्यात मुलं हे दोन्ही शिकतात तेव्हा वर्गात खरी चर्चा होते. "मॅडम, मग कोणतं उत्तर बरोबर?" दोन्ही बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत. जे एकासाठी खरं ते सगळ्यांसाठी खरं असेलच असं नाही, ही गोष्ट पंधराव्या-सोळाव्या वर्षी एकदा नीट कळली की पुढे बातम्या वाचण्याची रीतच बदलते. माझ्या मते एकत्र शिकण्याचा सगळ्यात मोठा फायदा हा आहे. तुमचे अनुभव लिहा. मतभेद असतील तर तेही हवे आहेत.

पालकमन

ताई, धागा अगदी वेळेवर आला. मुलीची निवड याच महिन्यात करायची आहे. तिला गणित आवडतं आणि पुढे अर्थशास्त्रात पदवी घ्यायचा विचार आहे. ओळखीतले दोघंतिघं म्हणतात की शाळेतलं अर्थशास्त्र म्हणजे व्याख्यांचं पाठांतर. त्यापेक्षा गणित पक्कं करू दे, अर्थशास्त्र काय, कॉलेजात पहिल्यापासून शिकवतात. यात कितपत तथ्य आहे?

सीमांत

मी पदवीच्या वर्गांना शिकवतो, म्हणून माझ्या बाजूने सांगतो. गणिताबद्दल त्यांचं म्हणणं बरोबर आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स किंवा केंब्रिजला अर्थशास्त्राच्या पदवीसाठी शालेय पातळीवरचं गणित सक्तीचं आहे, शालेय अर्थशास्त्र नाही. इतरही बऱ्याच विद्यापीठांत असंच असतं. तेव्हा गणित आणि अर्थशास्त्र यांतलं एकच घेता येणार असेल तर गणित घ्या, यात मला शंका नाही.

पण दोन्ही घेता येत असतील तर पाठांतराच्या भीतीने अर्थशास्त्र सोडू नका. शाळेत ते शिकून आलेली आणि न शिकता आलेली मुलं मला पहिल्या काही महिन्यांत ओळखू येतात. व्याख्या कुणीही पाठ करतं. शिकून आलेल्या मुलांना एक गोष्ट सवयीची झालेली असते: किंमत बदलली म्हणून मागणीच्या वक्रावरून (कोणत्या किमतीला किती खरेदी होईल ते दाखवणाऱ्या रेषेवरून) सरकणं वेगळं आणि दुसरं काही बदललं म्हणून अख्खा वक्रच सरकणं वेगळं. ऐकायला किरकोळ वाटतं. वृत्तपत्रांतल्या निम्म्या आर्थिक चर्चेतला गोंधळ याच ठिकाणी होतो.

पाठांतराची तक्रार खरी असते, पण ती शिकवण्याच्या पद्धतीबद्दलची तक्रार आहे. लवचिकतेची, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते याची, व्याख्या पाठ करून घेतली तर विषय मरतो. "बस कंपनीने भाडं दहा टक्के वाढवलं आणि प्रवासी चार टक्के कमी झाले, तर गल्ला वाढला की घटला?" असं विचारलं की गणित आवडणारी मुलगी लगेच पेन उचलते. १.१ गुणिले ०.९६ म्हणजे १.०५६. गल्ला साडेपाच टक्क्यांहून थोडा जास्त वाढला. मग पुढचा प्रश्न: वर्षभराने लोकांनी सायकली घेतल्या, काहींनी घरं बदलली, आणि घट पंधरा टक्क्यांवर गेली तर? १.१ गुणिले ०.८५ म्हणजे ०.९३५. तीच भाडेवाढ, पण आता तोटा. काळ जाईल तशी मागणी अधिक लवचिक होते, हे वाक्य मग पाठ करावं लागत नाही.

प्रश्नचिन्ह१६

सर, मी विद्यार्थी आहे. हा धागा वाचून एक जुनी शंका विचारतो. सुट्ट्यांच्या दिवसांत विमानाची तिकिटं महाग होतात आणि तरीही विमानं भरलेली असतात. एरवी स्वस्त असतात तेव्हा जागा रिकाम्या. मी आकडे मांडले तर किंमत वाढली की मागणी वाढते असंच दिसेल. मग मागणीचा नियम चुकीचा आहे का? वर्गात विचारलं तर "हा अपवाद आहे" एवढंच उत्तर मिळालं.

सीमांत

हा अपवाद नाही. फार चांगला प्रश्न विचारलास, म्हणून सविस्तर लिहितो.

तुझ्या आकड्यांत दोन वेगवेगळे दिवस आहेत. सुट्टीत प्रवास करू इच्छिणारेच वाढले, म्हणजे मागणीचा सबंध वक्र उजवीकडे सरकला. विमानं आणि जागा मात्र तेवढ्याच, किंवा थोड्याच वाढलेल्या. वक्र सरकल्यामुळे किंमतही वाढली आणि प्रवासीही वाढले. तू जे बिंदू जोडलेस ते मागणीच्या वक्रावरचे नाहीत. मागणी इकडून तिकडे सरकत असताना ते बिंदू पुरवठ्याचा वक्र दाखवत आहेत. मागणीचा नियम एवढंच म्हणतो की बाकी सगळं तसंच राहिलं आणि फक्त किंमत वाढली तर खरेदी घटते. सुट्टीच्याच दिवशी तेच तिकीट आणखी महाग केलं असतं तर काही जण घरी राहिले असते.

आता तुला बरं वाटेल अशी गोष्ट. १९१४ मध्ये हेन्री मूर या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने कच्च्या लोखंडाच्या किमती आणि खप यांची आकडेवारी मांडली. रेषा वर चढणारी निघाली आणि त्याने जाहीर केलं की आपल्याला मागणीचा एक नवाच प्रकार सापडला आहे. पुढच्याच वर्षी फिलिप राइट याने दाखवलं की मूरने मागणीचा वक्र काढलेलाच नाही. तेजी-मंदीनुसार लोखंडाची मागणी मागेपुढे होत होती आणि आकडे पुरवठ्याची रेषा दाखवत होते. तुझी शंका हुबेहूब तीच आहे.

राइट तिथे थांबला नाही. १९२८ मध्ये त्याने यावर उपाय मांडला: मागणीचा वक्र ओळखायचा असेल तर फक्त पुरवठ्याला हलवणारी एखादी गोष्ट शोधा. शेतमालाच्या बाबतीत एकरी उतारा ही तशी गोष्ट आहे. पीक हवेपाण्यामुळे कमी आलं तर खाणाऱ्यांची आवड बदलत नाही. पुरवठा हलतो, मागणी जागेवर राहते, आणि दिसणारे बिंदू मागणीचे असतात. आजचे संशोधक हीच युक्ती रोज वापरतात. तुझ्या वहीत "अपवाद" असं लिहिलेलं असेल तर ते खोड आणि तिथे विमानाच्या दोन आकृत्या काढ, एक सुट्टीच्या दिवसाची आणि एक एरवीची.

प्रश्नचिन्ह१६

आकृत्या काढल्या. आता कळलं. पुरवठ्याचा वक्र जवळजवळ उभा काढला, कारण जागा ठरलेल्या आहेत. बरोबर ना?

सीमांत

बरोबर. आणि म्हणूनच प्रवासी थोडे वाढतात पण भाडं भरमसाट वाढतं.

ताळेबंद

अर्थशास्त्राची बाजू छान मांडली जाते आहे. व्यवसाय अभ्यासाच्या बाजूने मी बोलतो. व्यवसायाने हिशेबनीस आहे आणि बुडालेल्या धंद्यांची पुस्तकं पुष्कळ पाहिली आहेत.

शाळेतून एकच गोष्ट शिकून बाहेर पडायचं असेल तर ती ही: नफा म्हणजे रोकड नव्हे. हे वाक्य सगळ्या पाठ्यपुस्तकांत असतं आणि मुलं ते वाचून पुढे जातात. आकडे हाताने मांडल्याशिवाय ते डोक्यात बसत नाही, म्हणून इथेच मांडतो.

एक वस्तू बनवायला ६० लागतात आणि ते लगेच द्यावे लागतात. ती १०० ला विकली जाते, पण गिऱ्हाईक दोन महिन्यांनी पैसे देतं. पहिल्या महिन्यात १०० नग विकले, दुसऱ्यात १५०, तिसऱ्यात २००, चौथ्यात २५०. धंदा जोरात आहे. नफा पाहा: ४,०००, मग ६,०००, मग ८,०००, मग १०,०००. चार महिन्यांत २८,०००. कुणीही शाबासकी देईल.

आता गल्ला पाहा. पहिल्या महिन्यात ६,००० गेले, आले काहीच नाहीत. दुसऱ्यात आणखी ९,००० गेले, म्हणजे वजा १५,०००. तिसऱ्यात १२,००० गेले आणि पहिल्या महिन्याचे १०,००० आले, म्हणजे वजा १७,०००. चौथ्यात १५,००० गेले, दुसऱ्या महिन्याचे १५,००० आले, पुन्हा वजा १७,०००. सुरुवातीला गाठीशी १६,००० असतील तर हा नफ्यातला धंदा तिसऱ्या महिन्यात मालवाल्याचे पैसे देऊ शकत नाही. २८,००० नफा कुठे आहे? येणे बाकीत. ४५,००० लोकांकडे अडकलेत, त्यातून १७,००० ची तूट वजा करा, बरोबर २८,००० येतात.

आणि वाईट गोष्ट ही की जितक्या वेगाने वाढाल तितकी ओढाताण जास्त. विक्री वाढवणं हाच प्रत्येक अडचणीवरचा उपाय असं समजणाऱ्या मुलाला हे उदाहरण द्या आणि विचारा, आता काय करशील? उधारी एक महिन्यावर आणू? मालवाल्याकडून मुदत मागू? वाढच हळू करू? बँकेकडून खेळतं भांडवल घेऊ? यातला प्रत्येक उपाय कुठेतरी बोचतो. उधारी कमी केली तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. व्यवसाय अभ्यास खरा इथे सुरू होतो.

हिशेबाची दुहेरी नोंद पद्धत इटालियन गणितज्ञ लुका पाचोली यांनी १४९४ मध्ये व्हेनिसला छापून प्रसिद्ध केली. व्यापारी ती त्याआधीपासून वापरत होते. इतक्या वर्षांनंतरही ती टिकून आहे, कारण प्रत्येक व्यवहाराच्या दोन बाजू ती लपू देत नाही. मुलांना नावे-जमा कंटाळवाणं वाटतं हे मला माहीत आहे. त्यांना तो तक्ता न सांगता हे चार महिने स्वतः लिहू द्या.

फळाखडू

ताळेबंद दादा, मी हे उदाहरण वर्गात वापरणार. आणि याची अर्थशास्त्रातली जोडी लगेच सुचते. एका कंपनीला रोकड कमी पडली तर ती मालवाल्याचे पैसे थकवते, मग त्या मालवाल्याला रोकड कमी पडते, तो पुढच्याचे थकवतो. अशा साखळीत बँकांनीही हात आखडले की चांगल्या स्थितीतल्या कंपन्याही अडकतात. २००८ चं संकट मुलांना समजावताना मी थेट मोठमोठ्या बँकांपासून सुरुवात करत नाही, अशाच एका गल्ल्यापासून करते.

मध्यमपदलोपी

दोन्ही विषयांना जोडणारं माझं आवडतं उदाहरण हेन्री फोर्डचं. १९१४ मध्ये त्याने कामगारांचा रोजचा पगार दुपटीच्या आसपास नेऊन पाच डॉलर केला, म्हणजे त्याचे कामगारच त्याच्या गाड्या विकत घेऊ शकतील. पगारवाढ मालकाच्याही फायद्याची असते हे मुलांना यातून छान कळतं.

सीमांत

उदाहरण उत्तम आहे, पण कारण ते नाही. आणि खरं कारण वर्गासाठी जास्त उपयोगी आहे.

गिऱ्हाईक मिळवण्यासाठी पगार वाढवला, हे गणितात बसत नाही. फोर्डकडे तेव्हा १४,००० च्या आसपास कामगार होते आणि वर्षाला गाड्या बनत होत्या दोन लाखांच्या घरात. प्रत्येक कामगाराने दरवर्षी एक गाडी घेतली असती तरी विक्रीचा तो लहानसा भाग. आणि स्वतःच दिलेल्या पगारातून थोडे पैसे परत यावेत म्हणून कुणी पगार दुप्पट करत नाही.

खरी अडचण कामगार टिकत नव्हते ही होती. हलत्या पट्ट्यावरचं काम इतकं एकसुरी आणि थकवणारं होतं की १९१३ मध्ये ते १४,००० जणांचं बळ टिकवायला वर्षभरात ५२,००० हून जास्त माणसं भरावी लागली. म्हणजे गळती ३७० टक्के. प्रत्येक नवा माणूस शिकवायचा, तो शिकेपर्यंत पट्टा रखडायचा, आणि शिकला की तो निघून जायचा. पाच डॉलरनंतर गळती झपाट्याने कमी झाली.

व्यवसायाच्या तासाला हा प्रश्न भरती आणि प्रशिक्षणाच्या खर्चाचा आहे. अर्थशास्त्राच्या तासाला तो वेगळा होतो: बाजारात चालू दराने माणसं मिळत असताना मालक जास्त का देतो? कारण जास्त पगाराने माणूस टिकतो आणि मन लावून काम करतो. मग प्रत्येक मालकाने असंच केलं तर? पगार वर जातात, आणि त्या पगारावर काम करायला तयार असलेल्या सगळ्यांना काम मिळत नाही. बेरोजगारी का उरते याचं एक स्पष्टीकरण इथून निघतं. फळाखडू ताईंनी सुरुवातीला जे लिहिलं त्याला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

एक गोष्ट मुलांपासून लपवू नये. पाच डॉलरमधला मोठा भाग नफ्यातला वाटा म्हणून होता आणि तो मिळवण्यासाठी कामगाराची राहणी कंपनीच्या कसोटीला उतरावी लागे. कंपनीची माणसं घरी येऊन तपासणी करत. हे वाचल्यावर वर्गातली चर्चा पगारावरून माणसाच्या खाजगी आयुष्यावर मालकाचा किती हक्क याकडे जाते, आणि ती तशी जायलाच हवी.

मध्यमपदलोपी

हे माहीत नव्हतं. धन्यवाद सर. माझ्या मुलाच्या पुस्तकात मात्र गाड्या विकत घेण्याचंच कारण दिलं आहे.

उलटतपास

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. माझा आक्षेप मुळावर आहे. हे दोन्ही विषय कोवळ्या वयाच्या मुलांना शिकवतात की माणूस स्वार्थी असतो, नफा हे ध्येय असतं आणि बाजार सगळं जुळवून आणतो. हे शास्त्र कमी आणि संस्कार जास्त आहेत. शाळेत हे शिकवूच नये असं माझं मत नाही, पण गणित-विज्ञानाच्या पंगतीला बसवून शिकवू नये.

फळाखडू

तुमचा आक्षेप मी गंभीरपणे घेते, कारण तसं शिकवलं जातं हे मी पाहिलं आहे. "प्रत्येक व्यक्ती स्वतःचं जास्तीत जास्त समाधान पाहते असं गृहीत धरू" या वाक्यातलं "गृहीत धरू" पहिल्या आठवड्यानंतर गायब होतं आणि उरतं ते सत्य म्हणून उरतं.

पण अर्थशास्त्र तिथे थांबलेलं नाही. सामायिक कुरण असेल तर प्रत्येक जण जास्तीत जास्त गुरं सोडतो आणि कुरण उजाड होतं, हा युक्तिवाद गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडला आणि तो बहुतेक पाठ्यपुस्तकांत आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी प्रत्यक्ष कुरणं, जंगलं, पाटाचं पाणी वाटून घेणारे समाज तपासले. स्वित्झर्लंडमधल्या तोर्बेल गावात १५१७ पासूनचा एक लेखी नियम आहे: हिवाळ्यात जेवढ्या गाई स्वतःच्या चाऱ्यावर पोसू शकाल तेवढ्याच उन्हाळ्यात सामायिक कुरणावर सोडा. नियम साधा, मोजायला सोपा, आणि लक्ष ठेवणारे गावातलेच लोक. कुरण शतकानुशतकं टिकलं. ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. मुलांना हार्डिन शिकवला आणि ऑस्ट्रॉम शिकवल्या नाहीत तर तुमचा आक्षेप शंभर टक्के खरा ठरतो.

शिवाय मी वर्गात पैज नाही, प्रयोग लावते. प्रत्येकाला दहा गुण द्यायचे. हवे तेवढे सामायिक पेटीत टाका, पेटीतले दुप्पट होऊन सगळ्यांत समान वाटले जातील, न टाकलेले तुमचे. सगळ्यांनी सगळे टाकले तर प्रत्येकाला वीस. पण एकट्याने न टाकता बसून राहणं प्रत्येकाच्या फायद्याचं. पहिल्या फेरीत मुलं बऱ्यापैकी टाकतात. फेऱ्या वाढतात तसं टाकणं घटतं, कारण "तो टाकत नाही मग मी का टाकू". मग मी त्यांना फेरीआधी बोलू देते. फक्त बोलू देते, बंधन काही नाही. टाकणं पुन्हा वाढतं. माणूस स्वार्थी की उदार यावर भाषण देण्यापेक्षा नियम बदलला की वागणं कसं बदलतं हे मुलं स्वतः पाहतात.

उलटतपास

हे उत्तर मला पटण्यासारखं आहे. तरी विचारतो, "बाजार जुळवून आणतो" याचं काय? तेही गृहीतकच ना?

फळाखडू

त्यालाही प्रयोग आहे. अर्थतज्ज्ञ एडवर्ड चेंबरलिन यांनी आपल्या विद्यार्थ्यांना काल्पनिक ग्राहक आणि विक्रेते बनवून वर्गात बाजार भरवला, आणि किंमत सिद्धांताप्रमाणे येत नाही असा निष्कर्ष १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे त्यांच्या वर्गात असाच प्रयोग केलेला एक विद्यार्थी होता व्हर्नन स्मिथ. त्याने नंतर नियम बदलले: बोली सगळ्यांना ऐकू जाईल अशी मोठ्याने, आणि तोच बाजार पुन्हा पुन्हा. १९६२ मध्ये त्याने निकाल प्रसिद्ध केले. किंमत समतोलाच्या, म्हणजे जिथे मागणी आणि पुरवठा सारखे होतात त्या किमतीच्या, अगदी जवळ येत होती. त्याला २००२ मध्ये नोबेल मिळालं. म्हणजे बाजार जुळवून आणतो की नाही याचं उत्तर बाजाराचे नियम कसे आहेत यावर ठरतं. हे मी संस्कार म्हणून सांगत नाही, मुलांना दोन्ही प्रकारे करून बघायला लावते.

प्रश्नचिन्ह१६

मॅडम, हा बाजार आम्ही मित्रमैत्रिणी मिळून भरवू शकतो का? कार्डांवर काय लिहायचं?

फळाखडू

नक्की. सोळा जण जमवा. आठ ग्राहक, त्यांच्या कार्डांवर १०, ९, ८, ७, ६, ५, ४, ३. याहून जास्त द्यायचं नाही. आठ विक्रेते, कार्डांवर २, ३, ४, ५, ६, ७, ८, ९. याहून कमीला विकायचं नाही. कार्ड कुणाला दाखवायचं नाही. प्रत्येकाने एकच वस्तू घ्यायची किंवा विकायची, बोली मोठ्याने, सौदा ठरला की किंमत फळ्यावर. दहा मिनिटांची एक फेरी, कार्डं तीच ठेवून तीनचार फेऱ्या.

मग शेवटी प्रत्येक विक्रेत्याला सौद्यामागे २ कर लावा आणि पुन्हा खेळा. पण खेळण्याआधी प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं की किंमत किती होईल.

पालकमन

मुलीला हा धागा दाखवला. ती म्हणते, कार्डं मीच बनवते. तिने गणित आणि अर्थशास्त्र हे दोन्ही नक्की केलं आहे. व्यवसाय अभ्यासाला वेळापत्रकात जागा बसत नाही, त्याचं काय करावं?

ताळेबंद

परीक्षेचा विषय म्हणून नसला तरी चालेल. माझ्या चार महिन्यांच्या उदाहरणात तिला एवढंच शोधायला सांगा: उधारी दोनऐवजी एक महिन्याची केली तर गल्ला सगळ्यात खाली कुठे जातो? मग तिला आवडेल त्या एखाद्या मोठ्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडून नफा-तोटा पत्रक आणि रोख प्रवाह पत्रक शेजारी शेजारी ठेवायला सांगा. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे अहवाल कुणालाही फुकट वाचता येतात. दोन पत्रकांतले आकडे का जुळत नाहीत हे ती कारणांसह सांगू लागली की पुष्कळ झालं.

प्रश्नचिन्ह१६

बाजार भरवला! पहिल्या फेरीत सौदे ४ पासून ८ पर्यंत कुठेही झाले. तिसऱ्या फेरीपर्यंत जवळजवळ सगळे ६ ला आणि आजूबाजूला. कुणालाच दुसऱ्याचं कार्ड माहीत नव्हतं, तरीही. कराच्या फेरीआधी चिठ्ठ्या लिहिल्या, बहुतेकांनी किंमत ८ होईल असं लिहिलं होतं. झाली ७. आमचं भांडण चालू आहे. विक्रेते म्हणतात आमच्यावर अन्याय, ग्राहक म्हणतात आमच्यावर. कर सरळ ग्राहकांवर लावला असता तर विक्रेते सुटले असते का?

सीमांत

मोजूया. करानंतर विक्रेत्यांची किमान किंमत ४, ५, ६, ७ अशी झाली. समोर ग्राहक १०, ९, ८, ७. चौथी जोडी ७ ला जुळते. ग्राहक ६ ऐवजी ७ देतो, विक्रेत्याच्या हाती ७ वजा २ म्हणजे ५ उरतात. दोघांनी एक-एक सोसला.

आता कर ग्राहकांवर लावू. १० वाला आता विक्रेत्याला जास्तीत जास्त ८ देईल, ९ वाला ७, मग ६, मग ५. समोर विक्रेते २, ३, ४, ५. चौथी जोडी ५ ला जुळते. विक्रेत्याच्या हाती ५, ग्राहकाच्या खिशातून ५ अधिक २ म्हणजे ७. आकडे तेच आले. कर कायद्याने कुणावर लावला यावरून तो कोण सोसतं हे ठरत नाही. ज्याला बाजारातून बाजूला होणं जास्त कठीण, त्याच्यावर भार जास्त पडतो. तुमच्या कार्डांत दोन्ही बाजू सारख्याच अंतराने उतरतात-चढतात, म्हणून निम्मा-निम्मा झाला.

आता पुढच्या वेळी ग्राहकांची कार्डं बदला. सुरुवातीचे पाच जण १० वाले ठेवा, उरलेले तिघे तसेच ५, ४, ३. कर नसताना पाचवा विक्रेता ६ चा आणि सहावा ७ चा, म्हणजे पाच सौदे होतील, आणि किंमत ६ ते ७ च्या दरम्यान कुठेतरी ठरेल. विक्रेत्यांवर २ कर लावल्यावर काय होईल, ते आधी चिठ्ठीवर लिहा आणि इथे कळवा.